बेहेऱ्यांचा बुधवारचा बरिटो

शिळं अन्न गरम करणं हे काम घरोघरी चालतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. शामकांत बेहेरे बोलत. क्लेमेंटीतल्या त्यांच्या फ्लॅटवर रविवारी चहाला गेलेल्या माणसाला आधी चहा मिळे, मग चिवडा, आणि मग उरलेला अर्धा बरिटो कसा गरम करावा यावर व्याख्यान. चहाला नको म्हणायची सोय होती.

बेहेरे मूळचे चिपळूणचे. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर इंजिनियर म्हणून गेलेलं, शेवटी शेवटी तर चीफ इंजिनियर. दोन हजार सोळाच्या सुमाराला जहाजांचा धंदा बसला, कंपनीने माणसं कमी केली आणि बेहेऱ्यांना मोठ्या मानाने, निरोपाचं घड्याळ वगैरे देऊन, किनाऱ्यावर आणून सोडलं. आता ते दर मंगळवारी तुआसच्या शिपयार्डमध्ये दुरुस्तीला आलेल्या जहाजांची पाहणी करायला जात आणि उरलेले दिवस घराची पाहणी करत. घराला याची सवय नव्हती. बायको रत्ना आणि मुलगी किमया अशा दोघींनी ते इतकी वर्षं चालवलं होतं आणि बरं चाललं होतं. बेहेऱ्यांनी आल्या आल्या वॉशिंग मशिनला कान लावून निदान केलं, गीझरचं तापमान ठरवून दिलं आणि चमच्यांचा खण शास्त्रशुद्ध पद्धतीने लावला. त्यानंतर बरेच दिवस घरात कुणालाही चमचा सापडला नाही.

रत्ना चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत होती. म्हणजे रोज हा बेटाएवढा देश अख्खा आडवा कापून जायचं आणि यायचं. मंगळवारी तिला उशीर होई, म्हणून त्या दिवशी घरात गॅस पेटवायचा नाही असा मायलेकींचा जुना नियम होता. दोघी स्टेशनजवळच्या मॉलमध्ये भेटत आणि तिथल्या टेक्स-मेक्स, म्हणजे अमेरिकी वळणाच्या मेक्सिकन, हॉटेलात जेवत. पूर्वी एकदा सुट्टीवर असताना बेहेरेही त्यांच्याबरोबर गेले होते. बरिटो समोर आल्यावर त्यांनी तो उलगडून पाहिला आणि वेटरलाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "राजमा-भात पोळीत गुंडाळलाय आणि वर सर्व्हिस चार्ज लावलाय!" त्या संध्याकाळनंतर त्यांना पुन्हा बोलावण्याचा आग्रह कुणी केला नाही. मंगळवारी ते यार्डच्या कँटीनमध्येच जेवून येत आणि आपण किती साधे आहोत याचं समाधान मानत.

पण बुधवारी सकाळी फ्रिज उघडला की दुसऱ्या फळीवर एक खोकं असे. त्यात अर्धा बरिटो, मूठभर मक्याचे चिप्स, एका डबीत अव्होकाडोची हिरवी चटणी आणि दुसरीत आंबट सायीचा गोळा. हे खोकं कुणासाठी ठेवलंय, असा प्रश्नसुद्धा बेहेऱ्यांना पडला नाही. त्यांना ते माहीतच होतं.

जहाजावर एक रीत असते. जेवणाच्या वेळी जो माणूस खाली इंजिनरूममध्ये कामावर असतो, त्याचं ताट भंडारी, म्हणजे तिथला स्वयंपाकी, वाढून ठेवतो आणि वर दुसरं ताट पालथं घालतो. त्यावर नाव घालत नाहीत. ज्याचं असतं त्याला कळतं. तेलाने माखलेले बेहेरे वर येत, झाकण उचलत, गरम करत आणि एकटेच जेवत. समुद्रात, घरापासून इतक्या लांब, पंगतीला नसलेल्या माणसाची कुणीतरी आठवण ठेवली एवढं त्या झाकणाखालून कळायचं, आणि तेवढ्यावर त्यांची पुढची पाळी निघायची. ही गोष्ट त्यांनी किमयाला इतक्या वेळा सांगितली होती की आता ती त्यांच्याबरोबर ओठ हलवून म्हणायची आणि डोळे फिरवायची.

तेव्हा फ्रिजमधलं खोकं म्हणजे झाकून ठेवलेलं ताट, हे ठरलं. बरिटोच्या कापलेल्या बाजूला दातांच्या खुणा असत, हे बेहेऱ्यांनी पाहिलं होतं. पिस्टनवरच्या ओरखड्यावरून कुठल्या बंदरात भेसळीचं तेल भरलं ते सांगणारा माणूस! त्याने त्या खुणांवरून असा निष्कर्ष काढला की पोरगी आधी चव बघते आणि चांगलं असेल तरच बापासाठी ठेवते. लेकीचं उष्टं खायला बापाला कसली आलीय लाज?

पहिल्या बुधवारी त्यांनी अख्खं खोकं मायक्रोवेव्हमध्ये ढकललं. लेट्यूसची आजाऱ्याला देतात तशी पालेभाजी झाली, हिरवी चटणी कडूजहर झाली, वरची पोळी, म्हणजे टॉर्टिया, गॅस्केटसारखी चिवट झाली आणि आतला राजमा गारच राहिला. बेहेऱ्यांनी सगळं संपवलं, कारण लेकीने ठेवलेलं होतं. पण बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला एक पोळी तापवता येऊ नये, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

मग संशोधन सुरू झालं. बरिटो आधी उलगडायचा. लेट्यूस वेचून काढायचं. चटणी आणि साय यांना आगीच्या आसपासही न्यायचं नाही. भात-राजमा पॅनमध्ये पाण्याचा हबका मारून वाफवायचा. टॉर्टिया ओल्या टिश्यूखाली मायक्रोवेव्हमध्ये काही सेकंदच, मग पुन्हा गुंडाळी करून तव्यावर, सांधा खाली, वर पाण्याने भरलेली वाटी दाबून. चिप्स कोरड्या तव्यावर. हे सगळं अशा बेताने की सगळं एकाच क्षणी तयार व्हावं आणि तो क्षण बरोबर दुपारी बाराचा असावा, कारण जहाजावर बाराला जेवतात.

रत्नाने एकदा सुचवलं, "अहो, एवढं कशाला? कुस्करायचा आणि मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची. फोडणीच्या पोळीसारखा मस्त लागेल."

बेहेऱ्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी लिटिल इंडियात भाजी घ्यायला गेले की त्यांची दिलीपशी गाठ पडे. दिलीप म्हणजे त्यांचा जहाजावरचा जुना सोबती, आता इथेच एका कंपनीत चिकटलेला. त्याचा मुलगा मेलबर्नला होता आणि दिवाळीला फोन करायचा, म्हणजे एखादी दिवाळी सोडून. सेरंगून रोडवर चहा पिता पिता बेहेऱ्यांनी त्याला शास्त्र समजावून दिलं आणि शेवटी अगदी सहज म्हणावं तसं म्हणाले, "आपण सांगितलेलं नाही हं. पोरगी स्वतःहून अर्धं ठेवते बापासाठी. दर मंगळवारी." दिलीप गप्प झाला आणि कपात बघत बसला. ती शांतता बेहेऱ्यांनी जरा जास्तच चवीने प्यायली. पुढच्या रविवारी त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

असे बरेच बुधवार छान गेले. मग एका बुधवारी किमयाचं ज्युनियर कॉलेज लवकर सुटलं.

एरवी ती चारच्या सुमाराला यायची. त्या दिवशी ती दारात आली तेव्हा घड्याळात बारा वाजत होते, बेहेरे मांडीवर नॅपकिन पसरून बसले होते आणि समोर बरिटो वाफाळत होता.

"अरे वा! ये, ये," बेहेरे खुशीत म्हणाले. "वेळेवर आलीस. ह्यातलं अर्धं तुला देतो. आणि काय गं, सगळं बापासाठीच ठेवायचं का? स्वतःसाठी पण ठेवत जा की काहीतरी!"

किमयाने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिची सहनशक्ती बसस्टॉपवरच संपलेली होती.

"बाबा, दॅट्स माईन," ती इथल्या पोरांच्या हेलात म्हणाली. "एव्हरी वेन्सडे इट्स माईन, लाह! मी कॉलेजमधून आल्यावर खायला ठेवते ते."

बेहेऱ्यांचा घास हातातच राहिला. "मग इतके दिवस सांगायचं नाही का?"

"आई म्हणाली, नको सांगूस. त्यांना वाटतंय आपण त्यांच्यासाठी ठेवतो, तर वाटू दे."

पहिलं वाक्य बेहेऱ्यांनी गिळलं असतं. चूक झाली, हसले असते, तिला दुसरा बरिटो आणून दिला असता. दुसरं गिळण्यासारखं नव्हतं. म्हणजे या दोघी बसून हे बोलल्या होत्या, बाप काय समजून बसलाय ते त्याला तसंच समजू द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा वाईट जास्त वाटलं. दिलीपचा कपात बघणारा चेहराही नेमका तेव्हाच आठवला.

त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "घे."

"आय डोन्ट वॉन्ट नाऊ," किमया म्हणाली आणि आत जाऊन तिने नूडल्सला पाणी ठेवलं. आपण बोललो ते जरा जास्तच झालं हे तिलाही कळलं होतं. पण सतरा वर्षांची माणसं माफी मागत नाहीत, खोलीचं दार नेहमीपेक्षा हळू लावतात.

बेहेऱ्यांनी ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. ते तिथेच राहिलं. त्याला हात कुणीच लावेना. शनिवारी रत्नाने ते कचऱ्यात टाकलं, आणि त्या घरात अन्न टाकायची पद्धत नव्हती.

त्यानंतर बेहेऱ्यांच्या अंगात जी सभ्यता संचारली ती कुणाच्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. "हे दही कुणाचं आहे?" "या केळ्यावर कुणाचा हक्क नाही ना?" "मी ह्या बाटलीतलं पाणी घेतलं तर चालेल का?" बुधवारी ते स्वतःपुरता वरण-भाताचा कुकर लावत आणि फ्रिजकडे पाठ करून जेवत. शेवटी एका सकाळी त्यांनी कोथिंबिरीची मालकी विचारली तेव्हा रत्नाचा बांध फुटला.

"अहो, घर आहे हे, कस्टम्स नाही! मी सांगू नको म्हटलं ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. चुकलं माझं. आता त्या बिचाऱ्या कोथिंबिरीचं काय करायचं ते करा!"

"विचारलेलं बरं असतं," बेहेरे म्हणाले. रविवारी दिलीपने बरिटोची चौकशी केली, तर सध्या डाएटवर आहे म्हणून सांगितलं. दिलीपने पुढे काही विचारलं नाही. एकुलत्या मुलांच्या बापांना असल्या डाएटची माहिती असते.

असेच काही बुधवार गेले. मग एका बुधवारी सकाळी बेहेऱ्यांनी, फक्त दूध कुणाचं आहे ते बघायला, फ्रिज उघडला. दुसऱ्या फळीवर स्टीलचं ताट होतं आणि त्यावर दुसरं ताट पालथं घातलेलं होतं.

त्यांनी दार लावलं. पुन्हा उघडलं. ताट तिथेच होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी चांगी बिझनेस पार्कला फोन लावला.

"फ्रिजमध्ये एक ताट आहे. कुणाचं आहे?"

"मी मीटिंगमध्ये आहे हो," रत्ना कुजबुजली. मग म्हणाली, "झाकलेलं आहे ना? मग तुम्हाला कळायला पाहिजे." आणि फोन ठेवला.

बेहेऱ्यांनी झाकण उचललं. आत बरिटो होता, अख्खा. लेट्यूस आत न घालता मागून वेगळ्या वाटीत ठेवलेलं, हिरवी चटणी वेगळ्या, साय वेगळ्या. म्हणजे इतके महिने डोळे फिरवणाऱ्या पोरीने व्याख्यान ऐकलं होतं तर! त्यांनी बरिटो उचलून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. त्याला कुणी चावा घेतलेला नव्हता.

बारा वाजले. बेहेरे जेवले नाहीत. एक वाजला, दोन वाजले, पोटात कावळे कोकलायला लागले, तरी हा जहाजी माणूस बसून राहिला. साडेतीनला त्यांनी तवा काढला, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलं सगळं शास्त्र अर्ध्या बरिटोचं आहे. अर्धा कापलेलाच असतो, सहज उलगडतो. हा दोन्ही टोकं दुमडून घट्ट बंद केलेला. उलगडला असता तर राजमा वाफवता आला असता. पण तिने अख्खा ठेवलेला तो आपण मोडायचा, हे त्यांच्या हातून होईना. मग त्यांनी तो तसाच तव्यावर घेतला, सांधा खाली, वर वाटी, आणि अंदाजाने खालीवर केला. बाहेरून असा खरपूस झाला की बघत राहावं.

ते बसतात न बसतात तोच किमया आली. दप्तर टाकून समोरच्या खुर्चीत बसली आणि काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "सो? ओके ऑर नॉट?"

बेहेऱ्यांनी मोठा घास घेतला. टॉर्टिया कुरकुरीत होती. तिच्या आत सगळा कारभार फ्रिजमध्ये होता तसाच होता. भात टणक, राजमा बर्फगार, दातांत कळ गेली.

"फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "एकदम गरम."

"रिअली? दे ना मला एक बाइट."

तिने हात पुढे केला. बेहेऱ्यांनी झटकन ताट स्वतःकडे ओढून घेतलं.

"माझं आहे हे," ते म्हणाले, आणि आतला गार राजमा गिळला.