विहिरीतल्या कासवाला लाल दिसतो का

गणपतीच्या कारखान्यात दर गुरुवारी जाऊन बसलं की किस्से साठत जातात, मूर्तींवर धूळ साठते तसे. यातले बरेचसे माझ्यावरचेच आहेत. थोडंफार चुकीचं आठवत असेल, सांभाळून घ्या.

मी रोह्याचा. आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. पीएच.डी. केली ती कासवांच्या डोळ्यांतल्या, प्रकाश टिपणाऱ्या रंगद्रव्यांवर. पेणचा कारखाना माझा जुना विद्यार्थी दत्ताराम याचा. तो गिऱ्हाइकांना माझी ओळख करून देतो, "हे कासवांच्या डोळ्यांचे डॉक्टर."

वडखळच्या एका गृहस्थांनी लगेच चष्मा काढून डोळा माझ्यापुढे केला. "मोतीबिंदू पिकलाय का बघा."

मी बघितला. नाही म्हणायचा धीरच झाला नाही.

* * *

सुलभाताई मूर्तींचे डोळे आखतात. एकदा म्हणाल्या, "सर, कासवाला रंग दिसतात?"

मी सांगू लागलो. डोळ्याच्या पडद्यात तेलाचे लाल, पिवळे थेंब असतात, प्रकाश त्यांतून गाळून रंगद्रव्यापर्यंत पोचतो, शिवाय जातीजातीत फरक, आणि मुळात 'दिसणं' म्हणजे काय... वीस मिनिटं गेली. तेवढ्यात त्यांच्या चार गणपतींचे डोळे झाले.

"म्हंजे व्हय का नाय?"

"तसं ठामपणे सांगता येणार नाही," मी म्हणालो.

* * *

कारखान्यामागच्या विहिरीत एक कासव आहे. पाणी स्वच्छ राहावं म्हणून दत्तारामच्या आईने सोडलेलं. आई गेली, कासव राहिलं.

यंदा गाळ काढायचा ठरला. शनिवारी पंप येणार होता. कासव आत राहिलं तर गाळात फावड्याखालीच जायचं.

"आईचं हाय, सर," दत्ताराम म्हणाला. "काय झालं तर मला घास जायचा नाय."

गुरुवारी कासव पकडायला विहिरीपाशी जमलो, तेव्हा मी आयुष्यात एकदाच ठाम बोललो. "टॉर्चला लाल कागद लावा. कासवाला लाल दिसत नाही, ते बुजणार नाही."

लाल उजेड पाण्यावर पडला की कासव बुडी मारायचं. तीनदा मारली.

"सर," दत्ताराम म्हणाला, "हे कासव तुमच्या कॉलेजात शिकलेलं नाय."

* * *

घरी येऊन स्वतःचा प्रबंध काढला. लाल कमी दिसतो तो समुद्री कासवांना. गोड्या पाण्यातल्यांना तो माणसापेक्षाही चांगला दिसतो. वाक्य माझंच, खाली रेघही माझीच.

शुक्रवारी सकाळी प्रबंध घेऊन गाडीत बसलो. चूक कशी कबूल करायची ते मनात घोकत राहिलो. पेण कधी गेलं कळलंच नाही. उतरलो ते पुढे, जिते स्टेशनावर.

* * *

रिक्षाने मागे आलो, तर कासव नळाखालच्या टबात.

"लाल बॅटरी लावली की बुडत होतं," सुलभाताई म्हणाल्या. "म्हंजे लाल दिसतंय त्याला. मग बॅटरी ठेवली बाजूला, टोपलीत लाल जास्वंदी घातल्या आणि सोडली खाली. आलं खायला."

दत्ताराम टबाशी उकिडवा बसून कासवाच्या पाठीवर पाणी घालत होता.

मी प्रबंध उघडला. खुणेचं पान काढलं. घसा साफ केला. "त्याचं असं आहे, गोड्या पाण्यातल्या जातींमध्ये, काही अपवाद वगळता..."

सुलभाताईंनी कुंचला मूर्तीच्या डोळ्यापाशी थांबवला.

"सर. व्हय का नाय?"

"व्हय," मी म्हणालो.