माहुलीच्या वाटेवरच्या फांद्या

वाटेत आडवं काही पडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. जिन्यातली चप्पल असो की बाजारातली केळ्याची साल, मी उचलणारच. घरचे म्हणतात, ही खोड एक दिवस भोवेल तुला. भोवली खरी, पण मला नाही, माझ्या थोरल्या जावेला.

शहापुरात आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. स्वयंपाकघरं वेगळी, मधली भिंत एक. मी त्यांना वहिनी म्हणते. चौतीस वर्षं रोज सकाळी साडेपाचला त्यांच्या गॅसचा खटका मला भिंतीपलीकडून ऐकू येतो. ताप असो, सण असो, घरातला पहिला चहा वहिनी करणार आणि भावजींच्या हातात नेऊन देणार. त्यांचा स्वतःचा कप मात्र ओट्यावर तसाच निवत पडून, डब्याची भाजी चिरून होईपर्यंत.

आम्ही पाचजणी रोज डांबरी रस्त्याने फिरायला जातो. एकीने माहुली किल्ल्याचं काढलं. जन्मभर खिडकीतून बघितलेला डोंगर, चढली मात्र एकही नव्हती! वहिनी म्हणाल्या, "मीपण येणार." भावजी पेपरामागून हसले.

"तू? साठी उलटली तुझी. माथ्यावर पोचलीस ना, तर महिनाभर सकाळचा चहा मी करीन."

दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन वहिनींनी बूट आणले. मी मनात म्हटलं, आता ही बाई थांबत नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सातला आम्ही पायथ्याशी हजर. वाट दाखवायला पाड्यातली एक बाई घेतली होती, लाकडांसाठी रोज डोंगरात जाणारी. तिने आधीच बजावलं, "दोन वाजता मी मागं फिरनार. जी जिथं आसंल तिथून. दिस लवकर बुडतो."

पहिल्याच चढाला आमची हवा गेली. एकजण दर दगडापाशी "थांबा गो, फोटो काढते" म्हणत बसकण मारत होती. फोटो कसला, दम खायचा बहाणा! हसून हसून पोटात दुखायला लागलं. एक टेकाड चढलं की वाटायचं हाच माथा, तर त्याच्या मागे दुसरं उभंच. हळूहळू तिघी त्या बाईबरोबर पुढे गेल्या, वहिनी मागे पडल्या आणि मी मधे एकटी. वहिनींनीच मला पिटाळलं होतं: "तू रेंगाळलीस की मला उगाच घाई होते. हो पुढे."

आणि तिथून मला त्या फांद्या दिसायला लागल्या. बाजूला पायवाट फुटली की तिच्या तोंडावर एक हिरवी फांदी आडवी. काय मेले लोक, मी म्हटलं, चांगली झाडं तोडतात आणि भर वाटेत टाकतात! एकेक उचलून झुडपाच्या कडेला नीट लावून ठेवली. सहा तरी असतील. पुण्य केल्यासारखं वाटत होतं मला.

तिसऱ्या टेकाडावर सगळ्या थांबल्या. वहिनींची वाट बघितली, हाका मारल्या. ओ नाही.

"चुकायचं कारण नाय," ती बाई म्हणाली. "जिथं वाट फुटली तिथं फांदी टाकीत आलेय मी. फांदी आडवी म्हंजे हिकडं जायाचं नाय. आमी लाकडाला येतो तवा मागच्यांना आसंच सांगतो."

मी मागच्या वाटेकडे बघितलं. "त्या... मी उचलल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. पण नीट लावून ठेवल्यात."

"आगो बाय माझे!" म्हणत ती कपाळ बडवत खाली पळाली, मागोमाग मी. मधे थांबून तिने लांबलचक कुकारा घातला. चौथ्या का पाचव्या कुकाऱ्याला घळीतून वहिनींचा आवाज आला. वाट संपते तिथे लाकडांच्या मोळीवर बसून त्या संत्रं सोलत होत्या.

"मला वाटलं पोचले," त्या म्हणाल्या. "पण माथा असा खड्ड्यात कसा?"

मी सगळं सांगून टाकलं. घड्याळात सव्वाबारा झाले होते. वहिनींचा चेहरा उतरला.

"माझा चहा घालवलास तू," त्या म्हणाल्या.

मला रडूच कोसळलं. त्यांनी स्वतःची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. "रड खाली जाऊन. आता चल."

मग ज्या चढल्या त्या! मधे एकदाही बसल्या नाहीत. लोखंडी शिडीवर त्या एकेक पायरी चाचपत चढत होत्या. मी खालून म्हटलं, "वहिनी, खाली बघू नका हं."

"खाली कोण बघतंय? मी ह्यांचं तोंड बघतेय डोळ्यांपुढे!"

दोनला दहा कमी असताना आम्ही सगळ्या माथ्यावर होतो. खाली तानसा तलावाचं पाणी चमकत होतं आणि वारा पदर धरू देत नव्हता. मला इतका आनंद झाला की मी त्या पाड्यातल्या बाईलाच मिठी मारली. वहिनींनी फोन लावला. "अहो, माहुलीवरून बोलतेय. आल्याचा डबा खालच्या फळीवर आहे." एवढंच बोलून ठेवून दिला.

उतरताना एका वाळक्या काटकीकडे माझा हात गेला, तर बाकीच्या पाचहीजणी एकदम ओरडल्या, "हात लावू नको!"

दुसऱ्या सकाळी साडेपाचला खटका नाही. पावणेसहाला झाकण पडल्याचा आवाज. "अगो, गाळणं कुठाय?" भावजींचा आवाज. मला काही राहवेना, दारातून डोकावले.

सुजलेले पाय पाटावर ठेवून वहिनी पलंगावर बसल्या होत्या, रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळल्यासारख्या. भावजी कप घेऊन आले. अर्धा चहा बशीत, थोडा फरशीवर. पुसायला माझे हात शिवशिवले, पण मी जागची हलले नाही. चहाचा रंग तर भांडी विसळलेल्या पाण्याचा.

वहिनींनी घोट घेतला.

"कसा झालाय?" भावजींनी विचारलं.

त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. डोळे भरून आले होते.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.