तिच्या दाराला बांधलेली दोरी

मंडळी, आज सकाळी प्रवासावरचा एक लेख इथे टाकला होता. दुपारी तो काढून टाकला. का, ते सांगते.

रविवारी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. तिथे एका बाईने ओळखदेख नसताना मला घरात बसवून नागलीची भाकरी खाऊ घातली. नवरा द्राक्षबागेच्या कामाला बाहेरगावी, घरात ती एकटीच. दाराला कडी नव्हती. विचारलं तर हसली. "दोरी बांधून निजते ना. इकडं कोण येतंय, ताई?"

प्रवासावर लिहायचं तर बारकावे हवेत, असं आपण इथे एकमेकांना कायम सांगतो. मी सगळे दिले. घाट उतरल्यावरचं वळण, आंब्याखालचं घर, बाहेरगावी असलेला नवरा आणि ती दोरीसुद्धा. दोरीचं तर तुम्ही फारच कौतुक केलंत.

मग एक कमेंट आली. प्रोफाइलला फोटो नाही, नावही धड नाही.

"छान वर्णन. घर कुठलं ते लगेच कळलं. त्यांच्याकडे कुत्रा आहे का?"

लेख लगेच काढला, पण ज्याला वाचायचा होता त्याने तो वाचला होता.

खरं सांगा, तुम्ही लिहिताना ती दोरी गाळली असती?

भावाला गाडी काढायला सांगितलंय. तोवर तिने दिलेल्या नंबरवर फोन लावत बसलेय, लागत नाही. तिथे रेंज येत नाही, हेही मीच लेखात मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं.