किड्याची वाट

फाशुआनची आई वाळवंटातल्या कुचा नगरीची. तिच्या भाषेत तो बोलायला शिकला, शिपाई बापाकडून चिनी शिकला, बाजारातल्या सोग्दी व्यापाऱ्यांकडून त्यांची बोली उचलली आणि भिक्खू झाल्यावर संस्कृत. राजधानी चांगआनच्या भाषांतरशाळेत त्याचं तारुण्य सरलं. वृद्ध आचार्य सुमतिघोष ताडपत्रावरून वाचायचे, हा चिनीत अर्थ सांगायचा आणि सोबतचा भिक्खू युआनजिंग तो सुंदर भाषेत उतरवायचा.

नवं भाषांतरलेलं सूत्र राजवाड्यात जायचं होतं, त्या सकाळी मूळ ताडपत्रांची पोथी फडक्यात बांधताना त्याचा हात थबकला. किड्याने पोखरलेलं भोक पानापानांतून आरपार गेलं होतं. मध्येच एक पान मात्र धडधाकट!

वसंतात, भाषांतराआधी, पोथीचा दोरा तुटला तेव्हा पानं त्यानेच ओवली होती. कडेचे आकडे किड्याने खाल्ले होते, म्हणून अंदाजाने. हे पान इथलं नव्हेच, पुढचं; किडा तिथवर पोचलाच नव्हता. म्हणूनच सूत्रात शिष्याने विचारायच्या आधीच बुद्ध उत्तर देत होते!

"गप्प बैस," युआनजिंग कुजबुजला. "प्रश्नाआधी उत्तर, केवढं गूढ, असं सम्राटांनी स्वतः प्रस्तावनेत लिहिलंय. आता त्यांना सांगणार, की गूढबिढ काही नाही, माझं ओवणं चुकलं?"

"लोक हे पाठ करतील रे. चुकीचं."

"करू देत! तुझ्या डोक्यावर केस नाहीत, पण धडावर डोकं तरी राहील."

दुपारी राजवाड्यातून अधिकारी आला. रिवाजाप्रमाणे त्याने मोठ्याने विचारलं, "कोणाला शंका?"

फाशुआनने पोथीच्या फडक्याची गाठ उगाच सोडली, पुन्हा बांधली.

"कोणाला शंका?"

समोर आचार्य डोळे मिटून, हात जोडून बसले होते. भगवंतांचे शब्द जसे आले तसे पुढे गेले, या भरवशावर.

"शेवटचं विचारतो. शंका?"

"आहे," फाशुआन उठून म्हणाला. "एक पान माझ्या हातून चुकीच्या जागी ओवलं गेलंय."

युआनजिंगने कपाळावर हात मारला. आचार्यांनी पोथी मागवून भोकांवरून बोट फिरवलं. धडधाकट पानाशी ते थांबलं.

"खरंय बाळा," ते हळूच हसले. "आपल्यापेक्षा किडाच नीट क्रमाने वाचत गेला."

अधिकारी हसला नाही. सूत्र तिथेच ठेवून घोड्यावर बसला आणि राजवाड्याकडे निघाला.

फाशुआनने दोरा सोडला. तो पानं नव्याने ओवू लागला. त्याचे कान मात्र फाटकाकडे होते, घोड्याच्या टापा परत येतात का याकडे.