जिनेव्हाची बाई आणि आमची गायरान वस्ती

बचत गटाच्या वहीत आम्ही ठराव लिहितो, किस्से लिहीत नाही. मग ते डोक्यातच साठतात. भाकरी थापताना एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. घरातले विचारतात, काय झालं? आता काय काय सांगू!

आमची वस्ती गेवराई तालुक्यात, गायरानावर. चाळीस घरं, तिसरी पिढी. पण आम्ही इथं राहतो असं सांगणारा सरकारी कागद एकही नाही. अतिक्रमण काढायची नोटीस आली तेव्हा बीडच्या वकीलबाई म्हणाल्या, "घराच्या हक्कावर जगभर लक्ष ठेवणाऱ्या एक स्वतंत्र तज्ज्ञ आहेत. त्यांचं ऑफिस जिनेव्हाला आहे, आपण तिथं लिहू."

ही बाई कोण, ते मी गटात समजावलं. "ती कुठल्या सरकारची नोकर नाही. या कामाचा पगार घेत नाही. हुकूम देत नाही. फक्त प्रश्न विचारते, आणि मग सगळ्यांना उत्तराची काळजी लागते."

शेजारच्या कौसाकाकू म्हणाल्या, "मंजी सासू हाय की!"

*

जिनेव्हाला पाठवायच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, नाव गुप्त ठेवायचं का? मला वाटलं बायका घाबरतील. घाबरल्या नाहीत, पण दोघी रुसल्या. जावेचं नाव आपल्या वर का घातलं म्हणून! लग्नपत्रिकेसारखी सगळी यादी मी पुन्हा लिहिली.

*

मग वकीलबाईंनी घरांचे फोटो मागवले. परदेशातली बाई बघणार म्हणून आम्ही घरं सारवली, रांगोळ्या काढल्या, फाटक्या ताडपत्रीवर नवी वाकळ टांगली. मी तर बहिणीकडून स्टीलची भांडी आणून मांडली.

वकीलबाईंनी फोटो पाहिले. "ताई, ही घरं बघून ती बाई स्वतःच इथं राहायला येईल!"

सगळे फोटो पुन्हा काढले. कौसाकाकू नाराज. "पावनीला फाटकं दावायचं, आन् वर हसायचं बी न्हाई?"

*

जिनेव्हाच्या बाईंचं पत्र दिल्लीला गेलं आणि तिथून खाली खाली येत तहसीलला पोचलं. तेव्हा सगळी वस्ती ऊसतोडीला गेलेली. पाहणीला आलेल्या माणसानं घरोघरी कुलपं पाहिली आणि लिहिलं, 'सदर ठिकाणी वस्ती आढळून आली नाही.'

आम्ही परतल्यावर वकीलबाईंनी ते उत्तर वाचून दाखवलं. मला रडू आलं. कौसाकाकूंनी ते उत्तर आणि अतिक्रमणाची नोटीस पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "चल."

तहसीलच्या साहेबांसमोर त्यांनी दोन्ही कागद ठेवले. "सायेब, तितं वस्ती न्हाई म्हन्ता. मग ही नोटीस कुनाची? तुमची तुमी परत घ्या."

साहेबांनी उत्तर वाचलं. नोटीस वाचली. पुन्हा उत्तर वाचलं. मग कारकुनाला म्हणाले, "ठेवून घ्या."

काकू जागच्या हलल्या नाहीत. "आन् पोच?"

कारकुनानं कागद ओढला. "नाव?"

"कौसाबाई."

"राहणार?"

"गायरान वस्ती."

त्यानं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत काकू त्यावर फुंकर घालत उभ्या राहिल्या.