मावशींची निळी पट्टी

अंध श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची ती दोन खोल्यांची जागा. तिथल्या भाऊंना सगळे वीतभाऊ म्हणत, कारण माइक आणि तोंड यांत वीतभर अंतर हवं, हे ते येईल त्याला पंजा पसरून दाखवत. काम माइकचे स्टँड लावण्याचं. पण तोरा असा, की बाकीचे जणू नुसते बडबडायलाच येतात.

तोरा मिरवावा असा हात होताच म्हणा. तीन पायांपैकी एक पाय नेमका आडव्या दांड्याखाली येईल असा ते स्टँड फिरवत, म्हणजे माइकच्या वजनाने तो कलंडत नाही. माइक ओठांच्या कोपऱ्याशी तिरका लावत, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार बाजूने निघून जातो. वाचकाची उंची एकदा मापून स्टँडवर त्याच्या रंगाची चिकटपट्टी लावली, की विषय संपला. वाचक यायच्या आत माइक पट्टीवर, आणि वीतभाऊ बाहेर चहाला.

मावशींची पट्टी निळी. निवृत्त शिक्षिका, बारा वर्षं इथे वाचणाऱ्या. नात्याने कुणीच नाहीत, पण भाऊंवर हक्काने डाफरणाऱ्या. गेले दोन महिने त्यांचा आवाज पातळ, लांबून आल्यासारखा येत होता. काचेपलीकडे यंत्रावर बसणाऱ्या बाईंनी त्या सकाळी भाऊंना बाजूला घेतलं.

“आजचंही प्रकरण असंच आलं, तर पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. वय झालंय हो त्यांचं.”

वाचन बंद झालं तर मावशी घरात बसून खचतील, हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. मावशी वाचायला बसल्या, तेव्हा भाऊंच्या हातात नेहमीसारखा बाहेरचा चहा होता. तो तसाच ठेवून ते आत गेले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मावशींना वाचताना पाहिलं. पाठीला बाक आलेला, मान पुस्तकात, आणि निळ्या पट्टीवरचा माइक ऐटीत त्यांच्या कपाळाकडे तोंड करून बसलेला.

भाऊंनी जीभ चावली. “थांबा जरा, मावशी.” त्यांनी पट्टी खरवडून काढली, दांडा खाली घेतला, आणि मान वर राहावी म्हणून पुस्तकाची फळी चांगली उभी केली.

“काय रे, काय बिघडलं?”

“स्टँड वर सरकला होता.”

“लोखंड सरकतं होय? मीच खाली आलेय, सांग की सरळ.”

भाऊंना थाप पुढे रेटवेना. “चूक माझी, मावशी. मी पट्टी बघत राहिलो, तुमच्याकडे बघितलंच नाही.”

“मग आता बघ. बस इथे, आणि खुर्ची करकरवू नकोस.”

मावशी वाचू लागल्या. आवाज भरदार, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तसा. काचेपलीकडे बाईंनी चकित होऊन कानांवरचे हेडफोन नीट केले. प्रकरण संपल्यावर त्या स्वतःच पुढचं पुस्तक घेऊन आत आल्या. भाऊंना इतकं हलकं वाटलं, की उठून उभं राहायचंही सुचेना.

मावशींनी शेवटचं पान उलटून बघितलं. “पाचशे पानं! तेवढी पुरेन का रे मी?”

“खुशाल वाचा,” भाऊ म्हणाले. “स्टँड अजून पुष्कळ खाली येतो.”

मावशी इतक्या हसल्या, की यंत्र चालूच राहिलंय हे बाईंच्या फार उशिरा लक्षात आलं.