दोन बोटांचा हक्क

शमीमच्या मुलीचा, सनाचा, फोन सकाळी आला, तेव्हा मी गॅसपाशी उभी होते. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाली. दूध उतू गेलं. ते पुसलं, ओटा पुन्हा एकदा पुसला आणि मग खाली बसले. आदल्या दुपारी मी शमीमजवळच होते, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. अपेक्षित बातमी कमी लागते म्हणणाऱ्यांना मला एकदा भेटायचंय. आता काही आठवडे गेले. या पुरवणीच्या संपादकांनी लेख मागितला आणि वर सुचवलं, "शेवटची भेट जरा सविस्तर लिहा, वाचकांना भिडतं." भिडत असेल. अडचण एवढीच, की ती भेट लिहायचा हक्क माझा नाही, शमीमचा आहे. हे असं कसं, ते सांगायचं तर आधी आमच्या बसबद्दल सांगायला हवं.

आम्ही दोघीही कादंबरीकार. बुधवार पेठेत तिच्या नवऱ्याचं, युसुफभाईंचं, विजेच्या सामानाचं दुकान. काउंटरच्या मागे, वायरच्या वेटोळ्यांमध्ये एका स्टुलावर बसून शमीमने तिच्या सगळ्या कादंबऱ्या लिहिल्या. मी राहते धायरीला. दर गुरुवारी मी दुकानात जायची आणि परतताना ती माझ्याबरोबर बसने धायरीपर्यंत यायची, चहा घेऊन माघारी जायची. काम काही नसायचं, माणसं बघायची असायची. पण एकदा दोघींनी एकच प्रसंग दोन दिवाळी अंकांत लिहिला, मग बरेच महिने अबोला, आणि त्यानंतर नियम ठरला. मिळून काही पाहिलं, की जी आधी दुसरीच्या मनगटावर दोन बोटं टेकवेल, तिचं ते. दुसरीने ते जन्मात लिहायचं नाही. एकदा बसमध्ये एक माणूस नवा कोरा कुकर मांडीवर घेऊन बसला होता. फोनवर म्हणाला, "पोचलोच, जेवायला थांबा." पुढच्याच स्टॉपला उतरला आणि समोरच्या, उलट जाणाऱ्या बसमध्ये चढला. मी तोंड उघडून बघत राहिले आणि शमीमची बोटं माझ्या मनगटावर! त्या माणसाची तिने पुरी कादंबरी केली, आणि ती माझ्या कुठल्याही कादंबरीपेक्षा चांगली आहे, हे लिहिताना आजही जिवावर येतं. तेव्हापासून बसमध्ये काही हललं, की मी आधी डावा हात पदराखाली घ्यायची. "हात लपवते आणि चेहरा बघा कसा गरीब," ती म्हणायची.

एका कार्यक्रमात कुणी तरी विचारलं, आपल्या लेखनामागची प्रेरणा काय? शमीम म्हणाली, "बसचा पास." मग एक बाई उठून कौतुकाने म्हणाल्या, "अहो, तुमचं मराठी किती छान आहे!" शमीम म्हणाली, "तुमचंही बरंय की." सभागृह हसलं. रिक्षात ती हसत नव्हती. "इतकी पुस्तकं झाली गं कुंदा, माझी तोंडी परीक्षा काही संपत नाही..." मी तिचा हात हातात घेतला, तो तिने घर येईपर्यंत सोडवला नाही.

माझे वडील अखेरच्या दिवसांत सगळं विसरले होते. बुद्धवंदना तेवढी तोंडपाठ होती. दाराची बेल वाजली, की सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावून ताठ बसायचे. एका दुपारी शमीम आली असताना त्यांनी माझ्याकडे पाहून अदबीने विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" माझा हात खाटेवर होता, उघडा. मी वाट पाहत राहिले, पण तिने बोटं टेकवली नाहीत. जिन्यात म्हणाली, "हे मी घेणार नाही. तूही इतक्यात घेऊ नकोस. आत्ता लिहिलंस तर नुसती रडशील, दिसणार काहीच नाही." मी पुष्कळ वर्षं थांबले. लिहिण्याबद्दल याहून मोठं मला कुणीच काही शिकवलेलं नाही.

युसुफभाईंनी तिचं एकही पुस्तक वाचलं नाही. नवं आलं, की मला मात्र हळूच विचारायचे, "ताई, यात मी आहे का?" मी "नाही" म्हटलं, की "बरं झालं" म्हणायचे आणि उगाच बल्बचे खोके लावत बसायचे. मी शमीमला एकदा टोकलं. ती म्हणाली, "ज्याच्या ताटाला ताट लावून रोज जेवते, तो मला दिसतच नाही गं. लिहायला माणूस जरा लांब लागतो."

मग तिचा आजार आला. तो लिहिण्यासारखा नव्हता, नुसता घाण होता. केस गेले, चव गेली, शेवटी आवाज गेला. मी शेजारी बसून तिच्या हातावरच्या सुयांच्या खुणा बघायची आणि डोक्यात वाक्यं जुळायची... मला माझीच किळस यायची. आवाज होता तोवर एकदा तिने पकडलं. "बघ की नीट. लाजतेस काय? मीही हेच केलं असतं." शेवटच्या दुपारी सना औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही तिघंच. युसुफभाई तिच्या पायाशी उभे होते, आणि त्यांनी एक गोष्ट केली. साधीच, क्षणभराची. शमीम त्यांच्याकडे बघत राहिली, कधी पाहिलं नसावं तशी. चमचा उचलायची ताकद नव्हती, पण तिचा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या मनगटावर दोन बोटं टेकली. गार होती.

गेल्या गुरुवारी दुकानात गेले. युसुफभाई बराच वेळ एक होल्डर उघडत नि बंद करत होते. मग म्हणाले, "ताई, रागावू नका. शेवटी तिने हात लावला तो तुम्हाला. मी समोर उभा होतो..." हा माणूस इतके दिवस हे एकटाच गिळत होता, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी त्यांना नियम सांगितला, पहिल्यापासून.

"म्हणजे मी जे केलं, ते..."

"तिला लिहायचं होतं. मला द्यायचं नव्हतं."

त्यांनी होल्डर काउंटरवर ठेवला. "म्हणजे मी होतो त्यात."

"तुम्हीच होतात."

"मग आता ते लिहिणार कोण?"

"कुणी नाही, युसुफभाई. ते तिचं आहे."

त्यांनी फडक्याने तिचं स्टूल पुसलं, जागेवर ठेवलं आणि गिऱ्हाइकाला वायर मोजून द्यायला उठले.

परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर काहीतरी घडलं. शमीमला नक्की आवडलं असतं. सवयीने हात पदराखाली गेला. मी तो बाहेर काढला, शेजारच्या रिकाम्या सीटच्या बाजूला, मांडीवर, आणि धायरी येईपर्यंत तसाच उघडा ठेवला.